फ्रिजचा प्लग

निहारने होम थिएटर आणलं आणि हॉलभर वायरींचं जाळं पसरलं. पाच छोटे स्पीकर भिंतींवर चढले, पण त्या मोठ्या घुमणाऱ्या डब्याला वेगळा प्लग हवा होता. मोकळा एकही नव्हता, म्हणून त्याने फ्रिजचा काढला. "आई, दोन तासांचा तर प्रश्न आहे!" अनसूयाबाईंनी शेजारच्या जाईबाईंनाही आग्रहाने सिनेमाला बसवलं. "अगं बाई, पाऊस पाठीमागनं पडतोय!" म्हणत जाईबाई सारख्या मागे वळून हसत होत्या. त्या नादात फ्रिजचा प्लग परत लावायचा राहूनच गेला.

सकाळी जाईबाई पातेलं घेऊन आल्या. त्यांच्याकडे फ्रिज नव्हता. दुपारी त्यांच्या मुलीला, साक्षीला बघायला पाहुणे यायचे होते, आणि भावाने उत्तनहून पाठवलेली पापलेटं त्यांनी इथेच ठेवली होती. मे महिन्याचा उकाडा. फ्रिजचं दार उघडताच घाण वासाचा भपकारा आला.

"रात्री लाइट गेली होती हो," अनसूयाबाईंच्या तोंडून निघून गेलं, आणि लगेच त्यांनी जीभ चावली.

जाईबाईंनी जमिनीवर लोळणारी फ्रिजची वायर पाहिली. मग अनसूयाबाईंकडे पाहिलं. त्यांची मान वर होईना.

तेवढ्यात जाईबाईंचे यजमान दारात आले. "काय गं, मासे बरे आहेत ना?"

"नासले," जाईबाई म्हणाल्या. "रात्री लाइट गेली होती ना. तुम्हाला झोपेत कळलं नाही."