पायपुसणं

आईला हर्सूलच्या फ्लॅटवर एकटीला ठेवून पुण्याला जाताना आकाशनं दाराबाहेर नवंकोरं पायपुसणं टाकलं. त्यावर काय लिहिलंय, ते गीताबाईंनी वरच्या मजल्यावरच्या विशाखाला जिन्यात गाठून विचारलं.

"वेलकम. म्हणजे या, बसा. कुणी घरी आलं की म्हणायचं, काकू."

अक्षरावर पाय द्यायचा नसतो, एवढं गीताबाईंना शाळेत न जाताही ठाऊक होतं. येता-जाता त्या पायपुसणं ओलांडूनच जायच्या. दीड वर्ष असंच गेलं.

"करमतंय का, आई?" आकाश फोनवर विचारायचा.

"न करमायला काय झालं? दारात लई ये-जा असती माणसांची. चहा टाकून टाकून दमून जाते मी."

मग एकदा त्याचा फोन आला, उद्या येतोय म्हणून. गीताबाईंनी सगळं घर झाडून काढलं आणि दारात येऊन थबकल्या. पायपुसण्यावरचं एकूण एक अक्षर दुकानातून आणल्यासारखं कोरं होतं.



त्यांनी वाकून अक्षरांना हात लावला, तो कपाळाला लावला आणि दुपारभर त्यांच्यावर पाय घासत उभ्या राहिल्या.