हात घालायची जागा

“आता तुम्ही हात घाला,” मशीन बघायला आलेले मिस्टर को उल्काला म्हणाले.

सिंगापूरच्या तुआस भागातल्या त्या शेडमध्ये श्रेडिंग मशीन चालूच होतं. प्लास्टिकची निळी पिंपं वरून टाकली की पोलादी पाती ती आत ओढून घ्यायची आणि खालून तळहाताएवढे तुकडे पडायचे. पण पिंपाबरोबर मांस आत गेलं, तर त्याची चाहूल लागताच पाती जागच्या जागी थांबायची. हा शोध इंजिनिअर उल्काचा. को यांनी तो नुकताच डोळ्यांनी पाहिला होता. डुकराचा पाय पुन्हा पुन्हा आत सोडला गेला आणि दर वेळी अंगावर ओरखडाही न घेता बाहेर आला.

“पाय ठीक आहे,” को म्हणाले. “पण माझ्या भंगाराच्या यार्डात डुकरं काम करत नाहीत. तुमचा हात. कॅन? जमेल ना?”

डुकराचा पाय ही उल्काची नेहमीची खरेदी होती. माणसाच्या हाताला त्याच्याइतकं जवळचं बाजारात दुसरं काही मिळत नाही. उल्का पुण्याची. तिच्या घरी अंडंसुद्धा शिजत नसे. कामावर जाताना ती सेरंगूनच्या मार्केटमध्ये थांबून पाय घ्यायची आणि घट्ट गाठ मारलेली पिशवी मांडीवर ठेवून बसमध्ये बसायची. ही बाई सूप करते, अशी खाटकाची समजूत होती. आलं किती घालायचं, शेंगदाणे कधी टाकायचे, हे त्याने तिला बैजवार समजावलं होतं. ती मान डोलवायची. खरं सांगायला गेलं तर आणखी वेळ मोडला असता. सुरुवातीला त्या पायांचं मशीनमध्ये काय व्हायचं, हे तिने घरी कधी सांगितलं नाही. पुढे पाय शाबूत बाहेर येऊ लागले, तेव्हा गेटवरचे सिक्युरिटी अंकल ते घरी नेऊ लागले. ते मात्र खरंच सूप करत.

कंपनी शिरीषची. शिरीष कॉलेजात उल्काच्या पुढे होता आणि त्यानेच तिला सिंगापूरला बोलावून घेतलं होतं. गिऱ्हाइकं यायची, वाहवा करायची, कार्ड देऊन जायची. फोन कोणाचाच यायचा नाही. आता को यांनीही नाही म्हटलं असतं तर शेड बंद झाली असती. शेड बंद झाली की उल्काचा इथे राहायचा एम्प्लॉयमेंट पास रद्द. तिच्या पासवरच नवरा अमेय आणि मुलगी ऋचा इथे राहत होती. हे शिरीषने तिला कधी बोलून दाखवलं नव्हतं. तिनेही विचारलं नव्हतं.

“घाल ना,” शिरीष हळूच मराठीत म्हणाला. “थांबतंच की.”

“थांबतं,” उल्का म्हणाली.

“मग?”

तिने घड्याळ काढलं, बांगडी काढली, दोन्ही शिरीषच्या हातात दिली आणि लोखंडी पायऱ्या चढून ती वर गेली. खाली पाती फिरत होती. भीती वाटेल अशी तिची अपेक्षा होती. ती वाटली नाही. फळीवरून साखरेचा डबा काढायला जावा, तसा तिचा हात सहज पुढे गेला. इतका सहज, की तिलाच कसंतरी झालं. तिने नजर वर केली. शेडमधले दोघं कामगार माना उंच करून बघत होते. एकाने मोबाईल वर धरला होता. दुसऱ्याच्या चेहऱ्यावर जादूचा प्रयोग बघणाऱ्याचं कौतुक होतं.

उल्काने हात मागे घेतला आणि लाल बटण दाबलं. मशीन बंद पडलं.

“मी हात घालणार नाही,” ती को यांना म्हणाली.

“तुमचाच विश्वास नाही मशीनवर?”

“विश्वास आहे. पण ही हात घालायची जागा नाही.”

को यांनी एकदा तिच्याकडे, एकदा त्या कामगारांकडे पाहिलं.

“अगं, काय केलंस हे!” शिरीष पुटपुटला आणि लगेच को यांच्याकडे वळून हसला. मॅडम जरा दमल्या आहेत, म्हणाला. प्रात्यक्षिक तो स्वतः देईल, एक मिनिटही लागणार नाही. त्याने शर्टाची बाही दुमडली आणि तो पायऱ्यांकडे निघालासुद्धा.

“तुम्ही खाली या,” को त्याला म्हणाले. “डिलिव्हरी कधी देता?”

शिरीष एक बाही दुमडलेली, एक सुटी, असा पहिल्याच पायरीवर उभा राहिला. आपण नीट ऐकलं की नाही, हे त्याला कळेना.

“डिलिव्हरी?”

“या मशीनची. आणि बसवायला या मॅडमच येतील. माझ्या यार्डातल्या मुलांना शिकवायलाही त्याच.”

“पण सर, तुम्हीच तर हात घालून दाखवा म्हणालात.”

“मी सगळ्यांनाच म्हणतो. सगळे घालतात.” को यांनी हेल्मेट काढून काखेत धरलं. “आमच्या आत्ताच्या मशीनवर कॅमेरा आहे. हात दिसला की थांबतं. ते विकायला आलेल्या इंजिनिअरने माझ्या सगळ्या मुलांसमोर हात घालून दाखवला. मशीन थांबलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. दुसऱ्या दिवसापासून काही अडकलं की मुलं मशीन बंद न करताच आत हात घालून काढू लागली.”

“मग?” शिरीषने विचारलं.

“जवळजवळ वर्षभर थांबत होतं,” को म्हणाले.