सावलीतली स्क्रीन

ज्युलिएटला मिळणार होती कायमची नोकरी. फक्त तिनं स्क्रीनसाठी बनवलेलं लिक्विड क्रिस्टलचं मिश्रण पास व्हायला हवं होतं. चित्र झटपट बदलायचं, पण तापलं की स्क्रीन काळीठिक्कर पडायची. "एवढ्या उन्हात कोण बसतं गं?" वसईच्या लॅबमधल्या साहेबांनी हसत चाचणीच्या भट्टीचं तापमान उतरवलं. कोण बसतं, हे तिथं फक्त तिलाच ठाऊक होतं, तरी तीही हसली. मिश्रण पास झालं. वर तिनं पहिली स्क्रीन कौतुकानं पाचूबंदरला वडिलांच्या मच्छीमार बोटीवर बसवली, पाण्याखालचे खडक दाखवायला. मेच्या उन्हात ती काळी पडली. बोट खडकावर आदळली. सुकाणूवरचा भाऊ ग्लेन समुद्रात फेकला गेला. वडिलांनी यंत्र घरी आणून लावलं. सावलीत स्क्रीन साठवलेल्या नकाशातल्या त्या खडकासकट लख्ख उजळली. "चांगली चालते की पोरी, मग माझ्या पोराला कोनी बुडवला?" नोकरी ज्युलिएटला लागली, किंमत ग्लेननं मोजली.