वर्षाच्या आत

घरात कुणी गेलं की लग्न वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. आईची घाई त्यासाठीच, असं नलूला वाटत होतं. पण चांगली स्थळं परतवून आईनं हा फौजेतला शिपाई स्वतः शोधून काढला, आणि मुलगी दाखवायला लालबागचं घर सोडून गिरगावात मामाकडे बोलावलं.

"धाकटा बंडू आमचा तापानं गेला हो," आई पाहुण्यांना म्हणाली. नलू चमकली. बंडूला ताप आलाच नव्हता.

पोहे खाताखाता शिपायानं खिशातून कात्रण काढलं. "ट्रेनिंग संपलं नि महिन्याभरात पेपरात फोटो! लालबागच्या दंगलीतला."

नलूनं पाहिलं. तो बंदूक वर रोखून उभा होता. खाली छापलं होतं, 'जवानांचा हवेत गोळीबार'. वर तिसऱ्या माळ्याच्या कठड्यावर आईचं लुगडं वाळत होतं. ते काढायला बंडू वाकला होता.

नलूनं आईकडे पाहिलं. आईनं नजर हलवली नाही.

"स्वयंपाक येतो ना गं?" शिपायाच्या आईनं विचारलं.

"येतो," नलू मान खाली घालून म्हणाली. "ह्यांचं ताट रोज मीच वाढीन."