वेगळं ताट

राहीबाईनं भांड्यांची पाटी नदीकाठी उतरवली आणि मागे वळून पाहिलं. नवरा खरंच मागोमाग येत होता. बायकांच्या पाणवठ्यावर जावई येतोय म्हटल्यावर खालच्या अंगाला धुणं धुणाऱ्या दोघीतिघींनी पदर तोंडाला लावले. कानिफनाथाचं तिकडे लक्षच नव्हतं. तो पाण्याकडे बघत चालला होता, नुकत्याच झोपेतून उठलेल्या लेकरासारखा.

धरणाखालची प्रवरा सकाळच्या धुक्यात निवांत वाहत होती. पलीकडचा काठ दिसत नव्हता, त्यामुळे नदीला दुसरा काठच नाही, पुढे नुसतं पाणीच आहे, असं वाटे. राहीबाईला लहानपणापासून हे फार आवडायचं. तासन् तास बघत बसायची आणि आईच्या शिव्या खायची. आज मात्र तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. दिवाळीला म्हणून ती भंडारदऱ्याला माहेरी आली होती, ती परत गेलीच नव्हती. काल नवरा न्यायला आला. "मी तिसगावला नांदायला जायची न्हाई," असं तिनं वडिलांना सांगून टाकलं. ते म्हणाले, "मग तुझ्या तोंडानं जावयाला सांग. दुपारच्या एस्टीच्या आत सांग."

कारण ऐकलं असतं तर गाव हसलं असतं. मारहाण नव्हती. सासू, झुंबरबाई, तोंडानं फटकळ, पण मनानं वाईट नव्हती. सगळं बिनसलं होतं ते एका ताटावरून.

धरणावरची पोर दुष्काळात दिली, असं लग्नातच बायका कुजबुजल्या होत्या. तिसगावाकडे पावसानं पाठच फिरवली होती. विहिरी तळाला गेलेल्या, प्यायचं पाणीही घरात माणशी मोजून. तिथे भांडी राखेनं कोरडीच घासायची, फडक्यानं पुसायची, की झाली स्वच्छ. पहिल्याच जेवणाला राहीबाईच्या जिभेवर राख आली आणि तिला भडभडून ओकारी आली. पाण्यात विसळलं नाही ते भांडं उष्टंच, हे तिच्या हाडीमाशी मुरलेलं. पुढे सवय झाली असावी, घास उतरायला लागला. पण दुसऱ्याच दिवसापासून तिचं ताट वेगळं झालं. घरातली बाकीची ताटं चुलीजवळ एकावर एक, आणि तिचं एकटीचं कोपऱ्यातल्या फळीवर, पालथं. त्यात दुसरं कुणी जेवायचं नाही.

तिच्या माहेरी घरातल्या माणसांची आणि राबायला आलेल्या गड्यांची भांडी एकाच पाटीतून नदीवर यायची. ताट वेगळं ठेवायचं ते एक तर खोकल्याच्या दुखणेकऱ्याचं, नाहीतर परक्याचं. राहीबाई तर चांगली धडधाकट होती. म्हणजे परकीच की! हे एकदा मनानं घेतलं ते घेतलं. आतल्या आत ते तिला खात राहिलं. विचारावं तरी कुणाला? नवरा मुलखाचा अबोल. दुष्काळी कामावर खडी फोडून यायचा, जेवायचा आणि आडवा व्हायचा.

आता तोच नवरा धोतर खोचून नदीत उतरला. पाणी पोटऱ्यांना लागलं तसा एकटाच हसला. मग त्यानं पाटीतलं एक ताट उचललं.

"अवो, ऱ्हाऊ द्या. बाया बगत्यात."

"बगू दे."

त्यानं गवताच्या चोथ्यानं ताट घासलं. मग ओंजळभर पाणी घेतलं, ताटात सोडलं आणि ताट सावकाश कलतं करत फिरवलं. पाणी काठाकाठानं सगळीकडे जाऊन आलं. तेच पाणी तळव्यात झेलून त्यानं मागच्या बाजूवर सोडलं, वर अंगठा फिरवला आणि ताट लख्ख झालं. मग दुसरं ताट. पुन्हा एकच ओंजळ. एवढ्या नदीत उभं राहून हा माणूस ओंजळभर पाण्यात ताट धूत होता. राहीबाई भान हरपून बघत राहिली. त्याला काय सांगायचं होतं, तेही घडीभर विसरली. मग तिला हसूच फुटलं.

"नदी हाय ती. संपायची न्हाई."

कानिफनाथ ओशाळला. "हाताला वळन पडलंय."

हसता हसता राहीबाई थबकली. तिसगावच्या घरात कुणा पुरुषानं उष्ट्या ताटाला हात लावलेला तिनं कधी पाहिला नव्हता.

"कसलं वळन? तुमच्यात तर भांड्याला पानीच लावत न्हाईत."

"तुझ्या ताटाला लावतो की." तो हातातलं काम न थांबवता म्हणाला, जणू हे तिला ठाऊकच होतं. "पैल्या दिशी तुला राखेनं वकारी आली न्हवं? आई म्हनली, पोर पान्यातली हाय, हिचं ताट आपल्यात मिसळू नगा. तू पहाटं पान्याला गेलीस का मी धुऊन पालथं घालतो."

जायची नाही, हे शब्द राहीबाईच्या ओठांपर्यंत आले होते, ते कुठे गेले तिचं तिलाच कळलं नाही. आपण कसल्या खुळ्या, असं तिला वाटलं. भरलेले डोळे दिसू नयेत म्हणून तिनं तोंडावर पाण्याचे हबके मारले.

"मग समद्यांचीच का न्हाई धुतली तशी?" काहीतरी बोलायचं म्हणून तिनं विचारलं.

कानिफनाथानं शेवटचं ताट पाटीत ठेवलं.

"माझ्या वाट्याच्या पान्यातलं राखून ठिवायचो," तो म्हणाला. "ते तुझ्या एकलीच्या ताटापुरतंच व्हायचं."