आईचे मासे

आई गेल्यापासून तिच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतले दोन्ही क्लाऊनफिश समुद्रफुलातून बाहेर येईनात. पाच दिवस उपाशी. सुचिताने पाण्यातलं मीठ मोजलं, दिवा बदलला, खाणंही नवं आणलं.

"बाबा, काऊन खाऊन नाही राह्यले हे? आई काही वेगळं करे काय?"

"मले काय माहीत? मी कधी पाह्यलं?"

सकाळी ती उठली, तेव्हा मासे काचेशी येऊन दाणे टिपत होते. कुणी कच खाल्ली की 'बांगड्या भर' म्हणून हिणवणारे बाबा टाकीजवळ उभे होते. आईच्या हिरव्या बांगड्या मनगटात चढेनात, म्हणून बोटांत अडकवून हलकेच वाजवत होते.

"पाह्यलं नाही कधी," मागे न वळता ते म्हणाले, "पण पेपर वाचता वाचता रोज आयकू ये."