निघण्याआधीची तपासणी

मोटरहोम सुरू होण्याआधी रॉसने आतला एकेक ड्रॉवर ओढून पाहिला. सुऱ्यांच्या ड्रॉवरची कडी सैल लागली, तिथे त्याने पट्टा आवळला. कपांच्या मधे टॉवेल कोंबला.

"झालं का? जेवायला टेकापो तळ्यावर पोचायचंय!" स्टिअरिंगवरून नोएलीन ओरडली.

"तीस वर्षं ह्याच कामापायी तू मला ताटकळत ठेवलंस. आता भोग."

"तरी माझी मुरंब्याची बरणी फुटलीच की!"

"कडी नीट लावली नव्हतीस."

"कडीचं नाव नको. वळणं रेड्यासारखी घेत होतास."

रॉस हसत तिच्या शेजारी येऊन बसला.

नोएलीन आयुष्यात पहिल्यांदाच घाटात गाडी चालवत होती. पहिल्या वळणावर तिने श्वास रोखला. मागे चमचासुद्धा वाजला नाही. तिसऱ्या वळणापर्यंत ती शीळ घालू लागली होती.

"एवढं घट्ट तर मलाही कधी जमलं नव्हतं रे."

"प्रत्येक कडी बोटांनी दोनदा चाचपलीय."

घाट उतरल्यावर त्याने खिडकीची काच खाली केली आणि वाऱ्याकडे तोंड केलं.

"तळं आलं ना? आज कसलं निळं आहे, सांग. आणि मला दिसत नाही म्हणून थापा मारू नकोस हं."